५० वर्षांच्या बिल्डिंगमधला फ्लॅट: तळमजला की वरचा मजला?

गल्लीच्या_टोकाला
विलेपार्ले पूर्वेला आतल्या गल्लीत १९७४ ची बिल्डिंग आहे. तळ अधिक तीन, १६ फ्लॅट, लिफ्ट नाही. सोसायटी रजिस्टर्ड, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय असं म्हणतात. दोन फ्लॅट विकायला आहेत, दोन्ही ५२० कार्पेट. एक तळमजल्यावर, दुसरा तिसऱ्यावर, गच्चीच्या थेट खाली. तिसऱ्याचा भाव बराच कमी सांगतायत. रीडेव्हलपमेंटच्या आशेवर घ्यायचं नाहीये, निदान दहा वर्षं राहायचंय. बघायला जाताना नेमकं काय बघावं, सोसायटीकडे काय मागावं? "शेजार बघा, स्टेशन बघा" हे झालंय, त्यापुढचं सांगा.

दुपारची_झोप
तळमजला. कुरियरवाले दुवा देतील.

बिनलिफ्टचे
आणि वॉचमनचा पगार वाचेल, कारण कोण आलं कोण गेलं ते तुम्हीच बघणार.

कोबावाला
तिसऱ्याचा भाव कमी आहे म्हणजे गच्ची गळते किंवा गळायची. फ्लॅट नंतर बघा, आधी गच्चीवर जा.

त्या काळच्या बिल्डिंगांवर ब्रिकबॅट कोबा असतो, म्हणजे विटांचे तुकडे मसाल्यात बसवून केलेला, पाणी अडवणारा थर. पाणी वाहून जायला १०० ला १ उतार लागतो, म्हणजे १० मीटर लांबीला १० सेंटिमीटर. आउटलेटपाशी ५ सेंटिमीटर जाडी धरली तर लांबच्या टोकाला १५, सरासरी १०. विटांचे तुकडे आणि मसाला मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो. तुमची गच्ची २५०० चौरस फूट, म्हणजे २३० चौरस मीटर धरा. एका कोब्याचं वजन झालं ४६ टन. हे एकदा ठीक, स्लॅब तेवढ्यासाठी असतो. घोळ पुढे होतो. गळायला लागलं की कंत्राटदार सांगतो, जुना तोडायला नको, वरूनच नवीन टाकू, स्वस्तात होईल. झाले आणखी ४० - ४५ टन, आणि ज्या फटीतून पाणी शिरत होतं ती दोन थरांच्या मध्ये तशीच. दोन कोब्यांच्या सांध्यात साठलेलं पाणी पाऊस थांबला तरी दिवाळीपर्यंत ठिबकत राहतं.

बघायचं काय: कठड्याची आतली उंची मोजा. जुन्या बिल्डिंगांना ती सहसा साडेतीन फुटांच्या आसपास असते. मग जिन्याच्या खोलीतून गच्चीवर पाऊल टाकताना उंबरा किती उरलाय ते बघा. गच्ची उंबऱ्याला भिडली असेल तर थरावर थर आहेत. कोपऱ्यातला वाटा (कठड्याच्या पायाशी केलेला गोलवा) कुठे सुटलाय का, तेही. निम्म्या गळत्या तिथून असतात आणि लोक मधल्या फरशा बदलत बसतात.

ओलसर_भिंत
आम्हाला तर सगळीकडे वरून पांढरा रंग फासतात, दहा वर्षांची गॅरंटी म्हणे. त्याचं काय?

कोबावाला
अ‍ॅक्रिलिक कोट. चांगला, पण तो कातडं आहे, हाड नव्हे. खालचा कोबा घट्ट असेल आणि नुसत्या केसासारख्या भेगा असतील तर दोन हात, मधे फायबरची जाळी, तीन - चार वर्षं छान जातात. खाली पोकळ असेल तर एका पावसाळ्यात फोड येतात. ओल्या पृष्ठभागावर मारला तरी तेच. मेच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने मारलेला कोट ऑगस्टमध्ये पापुद्र्यासारखा हातात येतो. आणि गॅरंटीच्या कागदावर "गच्चीवर कुंड्या, टाक्या, अँटेना हलवल्यास लागू नाही" हे कलम असतंच. गच्चीवर टाक्या नाहीत अशी सोसायटी दाखवा.

मी_खजिनदार
धागाकर्ते, गच्चीपेक्षाही आधी ताळेबंद मागा. शेवटची तीन ऑडिटेड वर्षं. त्यात दोन ओळी शोधा: सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा) आणि दुरुस्ती निधी.

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. आता मेख अशी की हा बांधकाम खर्च बिल्डिंग झाली तेव्हाचा. १९७४ ला एका फ्लॅटचं बांधकाम समजा ४०,००० रुपयांत झालं. सिंकिंग फंड वर्षाला १०० रुपये, दुरुस्ती ३०० रुपये. १६ फ्लॅटचे मिळून वर्षाला ६,४००. एवढ्यात परांचीचे बांबूसुद्धा येत नाहीत. किमान दर आहे, जास्त घ्यायला कुणी अडवलेलं नाही, पण त्यासाठी जनरल बॉडीत ठराव हवा. ज्या सोसायटीने तो ठराव करून दरमहा नीट रक्कम साठवली तिथे कामं होतात. जिथे "मेंटेनन्स फक्त ९०० रुपये" असं कौतुकाने सांगतात तिथे घर घेतल्यावर दोन वर्षांत लाखांची वर्गणी समोर येते. कमी मेंटेनन्स हा जुन्या बिल्डिंगचा गुण मानू नका, ते उधार आहे.

थकबाकीदारांची यादीही बघा. १६ पैकी तीन घरं पैसे भरत नसतील तर कुठलंच मोठं काम उभं राहत नाही.

दुसरा_मजला_डावीकडे
खजिनदारांशी सहमत. फ्लॅट ट्रान्सफरच्या वेळी सोसायटीला प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० घेता येतो. "गच्चीसाठी ऐच्छिक देणगी" म्हणून वर दोन लाख मागितले तर ती ऐच्छिक आहे एवढंच लक्षात ठेवा.

मी_खजिनदार
बरोबर. फक्त नव्याने येणाऱ्याने पहिल्याच दिवशी त्यावर भांडण काढलं तर पुढची दहा वर्षं त्याच लोकांबरोबर जिना चढायचाय, हेही बघावं. नियम माहीत असू द्या, आवाज चढवू नका.

न्हाणीट्रॅप
इथे सगळे गच्चीतच अडकलेत. दोन्ही फ्लॅटमध्ये खरी डोकेदुखी बाथरूमची असणार. तळमजल्याच्या डोक्यावर पहिल्या मजल्याचं बाथरूम, आणि तिसरा घेतलात तर तुम्ही दुसऱ्याच्या डोक्यावर.

आधी गळती कुठली ते ठरवायचं, मग हातोडा उचलायचा. क्रम असा. वरच्या फ्लॅटची पाण्याची लाइन गच्चीवरच्या व्हॉल्व्हला दोन दिवस बंद ठेवा, बादलीने पाणी वापरा. ठिबक थांबली तर भिंतीतली जुनी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची) लाइन सडली आहे. ती कुणी अंघोळ करो न करो, चोवीस तास गळते, हीच तिची खूण. ठिबक चालूच राहिली तर लाइन ठीक आहे, फरशी किंवा निचरा बघा. ट्रॅपचं (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याचं) तोंड कपड्याच्या बोळ्याने बंद करून फरशीवर दोन इंच पाणी २४ तास उभं करा. खाली ओल वाढली तर फरशी. वाढली नाही तर बोळा काढून ट्रॅपमध्ये रंगाचं पाणी ओता. रंग खाली उतरला तर ट्रॅपचा सांधा, किंवा ट्रॅप आणि बाहेरच्या पाइपच्या मधला भिंतीतला तुकडा. जुन्या बिल्डिंगांत बिडाचा ट्रॅप आणि शिशाचा सांधा असतो, तो भिंतीच्या जाडीत गंजतो आणि कुणालाच दिसत नाही. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

फरशांच्या फटीत पांढरा सिमेंट भरून जे "काम झालं" म्हणतात त्यांना पैसे देऊ नका.

ओलसर_भिंत
खर्च कोणाचा पण? आमच्याकडे वरचा निम्मा, खालचा निम्मा अशी पद्धत आहे.

दुसरा_मजला_डावीकडे
पद्धत आहे, नियम नाही. उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदाची, बाथरूम - संडास - सिंकमुळे होणारी गळतीही त्याचीच. गच्ची, बाहेरच्या भिंती, बाहेरचे सामाईक पाण्याचे व ड्रेनेजचे पाइप, पावसाची गळती हे सगळं सोसायटीचं. गच्चीतून झिरपून वरच्या मजल्याचं छत आणि त्याचं प्लास्टर खराब झालं तर तेसुद्धा सोसायटीने करून द्यायचं. धागाकर्त्यांनी हे वाक्य जपून ठेवावं, तिसरा घेतला तर उपयोगी पडेल.

बिनलिफ्टचे
निम्मा - निम्मा वाईट नाही हो. कायद्याने वरच्याचा खर्च आहे म्हणून खालच्याने पत्रं पाठवायची, वरच्याने "माझ्याकडे कोरडं आहे" म्हणायचं, आणि दोन पावसाळे जाणार. खालच्याने निम्मे दिले तर वरचा निदान दार उघडतो.

दुसरा_मजला_डावीकडे
अजिबात पटत नाही. असं करून चुकीचा पायंडा पडतो. उद्या तो फ्लॅट विकला गेला की नवा मालक म्हणणार, आधीच्याने निम्मे दिले होते, तुम्हीही द्या. सोसायटीने लेखी नोटीस द्यावी, प्लंबरचा अहवाल जोडावा, मुदत द्यावी.

न्हाणीट्रॅप
दोघंही भांडा, तोवर सळया गंजतायत. भिंतीतला तो तुकडा कोणाचा यावर तर आजवर कुणाचं एकमत झालेलं नाही. एक व्यवहार्य गोष्ट: बाहेरचे बिडाचे पाइप बदलायला सोसायटी परांची बांधेल तेव्हाच सगळ्या बाथरूमचे ट्रॅप बदलून घ्या. परांचीचा खर्च एकदाच होतो. पाइप नवे आणि आतले ट्रॅप जुने ठेवले की सहा महिन्यांत पुन्हा भोक पाडायला माणूस लटकतो.

पॉपकॉर्न_द्या
एजीएमची आठवण झाली. फक्त वडा - चहा कमी आहे.

सळईचा_मित्र
आता बिल्डिंगच्या हाडांबद्दल. ३० वर्षांवरच्या इमारतीला उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, आणि मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षांनंतर प्रमाणपत्रही. तो अहवाल मागा. शेवटच्या पानावरचा निष्कर्ष वाचून परत करू नका, तक्ते बघा.

अहवालात बिल्डिंगला श्रेणी दिलेली असते. सी-१ म्हणजे राहण्यास धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा उतरवून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-३ किरकोळ. १९७४ च्या बिल्डिंगला सी-२बी असेल तर घाबरू नका, या वयाला ते साहजिक आहे. सी-३ लिहिलं असेल तर उलट विचारा, चाचण्या केल्या होत्या की नुसतं बघून लिहिलं.

चाचण्यांत अल्ट्रासोनिकचा (काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा) वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट बरं, ३ च्या खाली शंकास्पद. हाफ सेलचा (सळईचा गंज विजेच्या दाबावरून जोखणाऱ्या चाचणीचा) आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे असेल तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्के. रिबाउंड हॅमरवर (काँक्रीटवर आपटून कडकपणा मोजणाऱ्या हातोड्यावर) एकट्यावर विसंबू नका. जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो, म्हणून हातोडा चांगला आकडा दाखवतो. त्याच कार्बोनेशनमुळे सळईचं संरक्षण गेलेलं असतं. ते बघायला काँक्रीट ताजं फोडून फिनॉल्फथॅलिन हे रंग बदलणारं रसायन मारतात. गुलाबी झालं तर ठीक, रंग आला नाही तर तेवढी खोली गेली. ती खोली सळईपर्यंत पोचली आणि वर पावसाचं पाणी मिळालं की गंज सुरू. ७० च्या दशकातल्या पिळाच्या टोर सळया त्यात लवकर सापडतात, आणि आपल्याकडे खारी हवा आहेच.

डोळ्यांनी बघायचं तर: कॉलमच्या कोपऱ्याला सळईच्या रेषेत उभी भेग, बीमच्या पोटाला आडवी भेग, छज्ज्यांच्या खाली पोपडे. बीम कॉलमला मिळतो तिथे तिरकी भेग असेल तर स्वतःचा इंजिनिअर नेल्याशिवाय पुढे जाऊ नका. पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर लाइटचं एक भोक उघडून मोबाइलच्या टॉर्चने वरचा स्लॅब बघायला मागा. नवा रंग लावलेल्या भिंतीवर नाणं ठोकून बघा, पोकळ आवाज लगेच कळतो.

गल्लीच्या_टोकाला
खूप आभार. तळमजल्याला दोन कॉलम बाकीच्यांपेक्षा जाड दिसतात. ते चांगलं की वाईट?

सळईचा_मित्र
जॅकेटिंग केलंय. नीट केलं असेल तर चांगलंच. कॉलमभोवती ७५ ते १०० मिलिमीटरचा नवा थर, नव्या सळया, मायक्रो काँक्रीट. विचारायचा प्रश्न एकच: जॅकेट कुठून सुरू झालं? पाया उघडून, फुटिंगमध्ये (कॉलमखालच्या पायाच्या काँक्रीटमध्ये) सळया केमिकलने रोवून वर आणलं असेल तर ते भार घेतं. फरशीवरून सुरू केलं असेल तर ती नुसती पँट चढवली आहे. खोदल्याचे फोटो अहवालात किंवा बिलांच्या फाइलीत असायला हवेत. काम चालू असताना वरच्या सगळ्या मजल्यांना टेकू लावले होते का, हेही फोटोत दिसतं.

बिनलिफ्टचे
अवांतर: लिफ्ट नाही म्हणून तिसरा नको म्हणणाऱ्यांसाठी. जुन्या बिल्डिंगला बाहेरून लोखंडी सांगाड्याची लिफ्ट बसवता येते, महापालिकेची परवानगी आणि लिफ्ट निरीक्षकाचं लायसन्स घेऊन. पण ती बहुतेक वेळा जिन्याच्या मधल्या लँडिंगला उघडते, म्हणजे अर्धा जिना उरतोच. चाकाची खुर्ची असेल तर काही उपयोग नाही. आणि देखभालीचा खर्च सगळ्यांत समान, तळमजला वापरत नाही म्हणून सुटत नाही. यावरून किती मीटिंगा उधळल्या जातात ते विचारू नका.

टाकीखाली
तिसऱ्याची अजून एक गोष्ट. गच्चीवरची टाकी तुमच्या शॉवरपासून जेमतेम ३ मीटर उंच, म्हणजे दाब ०.३ बार. इन्स्टंट गॅस गीझर एवढ्या दाबाला बऱ्याचदा पेटत नाही, पावसासारखा शॉवर पागोळीसारखा पडतो. उपाय सोपा: आपल्या बाथरूमच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप. महापालिकेच्या थेट लाइनवर पंप लावणं मात्र बेकायदा.

आणि साठवण विचारा. माणशी १३५ लिटर धरून १६ घरं, घरटी चार माणसं, म्हणजे दिवसाला ८,६४० लिटर. खालची टाकी त्याहून लहान असेल तर पाणीकपातीत त्रास. खालच्या टाकीचं झाकण जमिनीच्या वर उचललेलं हवं, आणि शेजारी ड्रेनेजचं चेंबर नको. जमिनीसपाट झाकणातून कंपाउंडमधलं पावसाचं पाणी आत जातं, मग सगळ्या बिल्डिंगची पोटं एकदम बिघडतात.

न्हाणीट्रॅप
तळमजलावाल्यांनो, खूश होऊ नका. तळमजल्याचा संडास आणि न्हाणी चेंबरला स्वतंत्र लाइनने जोडलेली हवी. वरच्या तीन मजल्यांच्या उभ्या पाइपच्या तळातच ती जोडलेली असेल तर पुढे कुठे तुंबलं की वरच्यांचं सगळं तुमच्या न्हाणीतून बाहेर. आधी चेंबर उघडून, तळमजल्यात एक बादली ओतून बघा, पाणी कुठल्या तोंडातून येतं. कंपाउंडला जुना पिंपळ असेल तर मुळं चेंबरच्या सांध्यांतून आत शिरलेली असणार. झाडाला हात लावायचा नाही, वॉर्डच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, फांद्यांनासुद्धा. सांधे मात्र तुम्ही करू शकता.

दुसरं, प्लिंथ, म्हणजे जोतं. वर्षानुवर्षं पेव्हर ब्लॉकवर पेव्हर ब्लॉक, रस्ताही दर वेळी उंच. जिन्याच्या पायऱ्या मोजा, पहिली पायरी अर्धी जमिनीत गेली असेल तर ओळखा. मग भिंतीला दोन - तीन फुटांपर्यंत ओल चढते, त्याला रंग हा इलाज नाही.

अवांतरपटू
जाता जाता, मुंबईतली सहकारी घरं किती जुनी? गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. म्हणजे गळतीवरची पहिली मीटिंगही शंभरी पार केलेली असणार.

दुपारची_झोप
आणि त्या मीटिंगचं इतिवृत्त अजून मंजूर व्हायचंय.

गल्लीच्या_टोकाला
जाऊन आलो, मोजून आलो. कठड्याची आतली उंची ३३ इंच. गच्चीचा दरवाजा उघडला की जमीन सपाट, उंबरा नाही. तिसऱ्याच्या हॉलच्या छताला एका कोपऱ्यात डाग, बाकी कोरडं. ऑडिट २०२२ चं, सी-२बी. हाफ सेल बहुतेक उणे २०० ते ३००, जिन्याजवळच्या दोन बीमना उणे ३८०. दुरुस्ती निधीत १९ लाख, थकबाकीदार एक. जॅकेटिंगच्या वेळी पाया खोदल्याचे फोटो आहेत. प्रॉपर्टी कार्डावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) सोसायटीचं नाव आहे. तळमजल्याला पायऱ्या चारऐवजी दोनच दिसतात आणि मागच्या खोलीत भिंतीला मीठ फुटलंय.

कोबावाला
४२ मधून ३३ गेले ९, म्हणजे दोन थर नक्की, एखादा कोट वर. सेक्रेटरींना सांगा, एका कोपऱ्यात फूटभर चौकोन फोडून जाडी बघू द्या, त्याच दिवशी बुजवून देतो म्हणा. मग नोव्हेंबरनंतर दोन्ही थर काढायचे. छिन्नी - हातोड्याने, मशीनचा ब्रेकर नको, त्याचे हादरे जुन्या स्लॅबला लागतात. डेब्रिज रोजच्या रोज खाली. एका जागी ढीग केला तर ज्या वजनासाठी कोबा काढतोय तेच वजन चार चौरस मीटरवर येतं. स्लॅब उघडा पडला की सळईच्या मित्राने सांगितल्यासारखी आधी दुरुस्ती, मग एकच कोबा, सात दिवस पाणी उभं, वर पांढरा चायना मोझॅक. उन्हाळ्यात तिसऱ्याला तेवढाच थंडावा.

सळईचा_मित्र
ते दोन बीम त्याच वेळी करून घ्या. सळईच्या मागे २०-२५ मिलिमीटरपर्यंत काँक्रीट काढायचं, गंज साफ, प्रायमर, बाँडिंग कोट, आणि तो चिकट आहे तोवर पॉलिमर मॉर्टर. कोट वाळल्यावर मॉर्टर मारलं की पुढच्या वर्षी तुकडा डोक्यात. दुपारी जेवायला जायच्या आधी कोट मारून ठेवणारे कारागीर बघून ठेवा.

मी_खजिनदार
१९ लाख आणि एकच थकबाकीदार? ती सोसायटी जागी आहे. तिसरा घ्या. फक्त सौद्याआधी गच्चीच्या कामाचा ठराव झालाय का, आणि प्रत्येकी वर्गणी लागणार असेल तर ती विकणाऱ्याची की तुमची, हे करारात लिहून घ्या.

न्हाणीट्रॅप
माझंही मत तिसरा. मीठ फुटलेली भिंत आणि बुडालेल्या पायऱ्या तुमच्या एकट्याच्या हातात नाहीत, सगळं कंपाउंड खाली घ्यावं लागेल. पण टोकन द्यायच्या आधी दुसऱ्या मजल्यावरच्यांची बेल वाजवा आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघू द्या म्हणा. तिसऱ्याची फरशी खालूनच कळते.

गल्लीच्या_टोकाला
रविवारी सकाळी जातो. त्यांच्याकडे नऊनंतर पाणी जातं म्हणे, त्याआधी.